जोडीवाचनाची मी सांगत आलेली गोष्ट

सातवीच्या वर्गात वाचता न येणारं मूल पटकन ओळखू येत नाही. पहिली-दुसरीतलं पोर अडलं की रडतं, नाहीतर सरळ सांगून टाकतं, ‘बाई, येत न्हाई.’ सातवीपर्यंत पोचलेलं मूल लपवण्यात तरबेज झालेलं असतं. वाचायची पाळी आली की त्याला खोकला येतो, तहान लागते, पुस्तक नेमकं घरी राहिलेलं असतं. फळ्यावरचं ते सुबक अक्षरात उतरवून घेतं, त्यामुळे वही बघून काही कळत नाही. मी तीस-बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं, त्यातली बरीचशी सहावी ते आठवीच्या वर्गांना. अशी मुलं दर वर्षी वर्गात असायची आणि दर वर्षी मला ती दिवाळीच्या सुट्टीनंतरच सापडायची.

त्यांच्यासाठी मी जोडीवाचन सुरू केलं. आमच्या भागात ते माझ्या नावावर जमा आहे. मूळ कल्पना माझी नव्हे, एका प्रशिक्षणात ऐकलेली. पण ती वर्गात चालवून दाखवली मी, हे खरं.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवून एक पान वाचून घ्यायचं आणि वाचनाप्रमाणे वर्गाची यादी करायची. ही यादी कुणाला दाखवायची नाही. मग ती मधोमध तोडायची. बत्तीस मुलं असतील तर पहिल्याची जोडी सतराव्याशी, दुसऱ्याची अठराव्याशी. पहिल्या वर्षी मी हुशारीनं पहिल्याला बत्तिसाव्याशेजारी बसवलं होतं. चार दिवसांत पहिला पट्टी घेऊन मास्तर झाला आणि बत्तिसावा शाळेत यायचा बंद झाला. दोघांमधलं अंतर फार असेल तर त्यांना शेजार जमत नाही, हे मी असं शिकले.

जोडीतला चांगला वाचणारा आधी एक परिच्छेद मोठ्यानं वाचतो, दुसरा ओळीखालून बोट फिरवतो. मग दुसरा तोच परिच्छेद वाचतो. तो अडला तर पहिल्यानं लगेच शब्द सांगायचा नाही, मनातल्या मनात पाच मोजायचे. तरी आलं नाही तर शब्द सांगायचा आणि वाक्य परत पहिल्यापासून वाचायला लावायचं. शेवटी पुस्तक मिटून, काय वाचलं ते एकमेकांना आपल्या शब्दांत सांगायचं. बास, एवढंच. सोळा जोड्या एकदम वाचू लागल्या की वर्गात असा गलका व्हायचा की आमचे मुख्याध्यापक दारात येऊन म्हणायचे, “बाई, बाजार भरलाय का?” मला तो गलका आवडायचा. वर्गात हिंडताना कान एकेका बाकाशी न्यायचा, की आवाजांतून एकेक मूल वेगळं ऐकू यायचं.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती मला पहिल्यापासून माहीत होती. दुसरा जे वाचतो ते त्यानं नुकतंच ऐकलेलं असतं. कान तल्लख असलेलं मूल ते ऐकून म्हणू शकतं. म्हणून आठवड्यातून एकदा जोड्या मोडून प्रत्येकाला न ऐकलेलं कोरं पान द्यायचं असतं. त्यात वेळ फार जातो आणि त्या दिवशी वर्ग अडखळतो, वाईट दिसतो. एका वर्षी मात्र मी ते कोरं पान हळूहळू गाळत गेले.

ते वर्ष म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या एका गावातलं. चौदा वर्षं झाली असतील. सातवीत बत्तीसच मुलं होती आणि माझ्या डोळ्यांत भरलेली जोडी होती प्रणाली आणि सारिका यांची. प्रणाली वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी. सारिकाचं घर तिच्या घराला लागून. सारिकाचे वडील लष्करात, वर्षातून एकदा-दोनदा सुट्टीवर यायचे. आई ऊस आणि दोन म्हशी सांभाळायची. माझ्या यादीत सारिका खूप खाली होती, पण दोघी मैत्रिणी म्हणून मी माझा नियम मोडून त्यांना एकत्र बसवलं.

दोन महिन्यांत सारिका वाचू लागली. नुसती वाचू लागली नाही, पूर्णविरामाला थांबायची, प्रश्नचिन्हाला आवाज चढवायची. मी हरखून गेले. मुख्याध्यापकांना बोलावून ऐकवलं, त्यांनी केंद्रप्रमुखांना सांगितलं. मग ठरलं की केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, सगळ्या शिक्षकांनी आमच्या वर्गात येऊन जोडीवाचन बघायचं. साताऱ्याहून एक अधिकारी बाईही येणार होत्या.

त्याच्या आठ दिवस आधी प्रणाली तापानं घरी राहिली. सारिका एकटी बसलेली बघून मीच तिची जोडीदार झाले. झालेला पाठ तिनं घडाघडा वाचला. मी सहज पान उलटलं आणि पुढचा पाठ समोर केला. तिनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. मी मनात पाच मोजले, मग दहा मोजले.

“अगं वाच की.”

तिनं माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज नव्हती. मला समजावून सांगावं तशी ती म्हणाली, “बाई, ह्यो अजून प्रणालीनं वाचला न्हाई.”

मी तिला आधीच्या पाठातला एकेक शब्द बोटानं दाखवून विचारला. वाक्यातून सुटा काढला की तिला शब्द ओळखता येत नव्हता. काही अक्षरं यायची, जोडाक्षरं बिलकूल नाही. प्रणाली रोज संध्याकाळी म्हशींच्या गोठ्यापाशी बसून तिला उद्याचा पाठ वाचून दाखवायची आणि दोनदा ऐकलं की सारिकाला तो आख्खा तोंडपाठ व्हायचा, थांबण्याच्या जागांसकट. यालाच वाचन म्हणतात असं तिला वाटत होतं. आपण काही लपवतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

एवढी स्मरणशक्ती असलेली मुलगी समोर बसली होती. त्याच दिवशी जोडाक्षरांपासून सुरुवात केली असती तर वर्षाअखेर ती खरंच वाचू लागली असती. हे मी आता म्हणत नाही, मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते आठ दिवस होते. दुसरी जोडी पुढं करता आली असती, पण सगळ्यांना सारिकाचं कौतुक सांगून झालं होतं.

प्रणाली बरी होऊन आली तेव्हा मधल्या सुट्टीत मी तिला हापशापाशी बाजूला घेतलं आणि म्हणाले, “सातवा पाठ सारिकाला तीन-चारदा वाचून दाखव. पाहुण्यांपुढं तोच ठेवू.”

ती म्हणाली, “पन बाई, तिला अक्षरं...”

“ते नंतर बघू आपण. आधी हे होऊ दे.”

तिनं मान हलवली. बारा वर्षांची पोर, बाईंनी सांगितल्यावर ती दुसरं काय करणार?

त्या दिवशी वर्गाच्या मागच्या बाजूला वीसेक शिक्षक बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. जोड्या वाचू लागल्या, पाहुणे वर्गात हिंडले. मग मुख्याध्यापकांनीच सारिकाला उभं केलं. तिनं सातवा पाठ असा वाचला की मागून टाळ्या पडल्या. अधिकारी बाई खूश होऊन पुढं आल्या. त्यांना संशय वगैरे काही आला नव्हता, कौतुकानंच त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाल्या, “बाळ, आता हेही वाचून दाखव मला.”

सारिकानं बोट ठेवलं. तिनं प्रणालीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

‘तिला अजून येत नाही, चूक माझी आहे,’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, “म्हणजे पाठ करून आलीस तू? प्रणाली, तू सांगितलंस ना तिला हे करायला? दोघींनी मिळून मला फसवलंत!”

आवाज चांगला मोठा होता. प्रणाली उभी राहिली. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “व्हय बाई. आमीच केलं.”

सारिकानं पुस्तक मिटलं आणि ती खाली बसली.

जेवताना अधिकारी बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, “तुमचं कौतुक वाटलं. दुसऱ्या कुणी झाकून नेलं असतं. तुम्ही सगळ्यांसमोर उघड केलंत.” मी मान खाली घालून भात कालवत राहिले. बाकीच्यांना तो माझा विनय वाटला.

गावात गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. पंधरा दिवसांनी सारिकाचे वडील सुट्टीवर आले आणि दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन शाळेत आले. उंच, ताठ माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट. स्टाफरूमच्या दारात उभं राहून त्यांनी आत यायची परवानगी मागितली.

“मॅडम, माझ्या पोरीनं चार लोकांत तुमाला खाली बघाय लावलं म्हनं. आमच्यात असलं चालत न्हाई. फसवाफसवी तर न्हाईच न्हाई. माफ करा.” मग मागं वळून म्हणाले, “सारे, पाया पड बाईंच्या.”

सारिका पुढं आली आणि वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “असू दे,” मी म्हणाले, “लहान आहे.”

स्टाफरूममध्ये आणखी दोघं होते. माझं पाणी पिणं, घड्याळ बघणं, वह्यांचा गठ्ठा सरळ करणं, सगळं मला आजही दिसतं. तो माणूस मला कडक सलाम ठोकावा तसा नमस्कार करून निघून गेला आणि मी तासावर गेले.

त्यानंतर मी सारिकाला शिकवलं असेल असं कुणालाही वाटेल. मी नाही शिकवलं. मी तिची जोडी बदलली, तिला खिडकीकडच्या मागच्या बाकावर बसवलं आणि त्या बाजूला जायचं टाळू लागले. ती समोर आली तरी मी तिच्याकडं बघतच नसे. वाचायला तिला कधी उठवलं नाही. मनात म्हणायचे, तिला लाज वाटू नये म्हणून. प्रणालीही बदलली. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची, पण मोठ्यानं वाचायला सांगितलं की घसा दुखतो म्हणायची. वर्षाअखेर माझी बदली झाली. दोघींचं पुढं काय झालं हे मी विचारलं नाही.

अधिकारी बाईंनी माझं नाव लक्षात ठेवलं होतं. त्यांनी मला प्रशिक्षणांना तज्ज्ञ म्हणून बोलवायला सुरुवात केली. साताऱ्यात, कराडला, पुढं माझी बदली माहेरच्या सांगलीकडं झाली तेव्हा तिकडंही. शिक्षकांना समोर बसवून नुसती पद्धत सांगितली की ते पेंगतात, हे मला ठाऊक होतं. कोऱ्या पानाचं महत्त्व पटवायला एखादी गोष्ट हवी. मी गोष्ट सांगू लागले. एका गावात दोन वस्ताद पोरी होत्या, एकीनं दुसरीकडून आख्खं पुस्तक पाठ करून घेतलं आणि बाईंना कसं गंडवलं. सारिका बोट ठेवून कशी उभी राहिली याची मी नक्कल करायचे. लोक पोट धरून हसायचे. हसून झालं की मी गंभीर होऊन म्हणायचे, “म्हणून कोरं पान चुकवू नका.” सल्ला अगदी बरोबर होता. दहा-बारा वर्षं मी तो असा दिला.

निवृत्तीनंतरही बोलावणी येत राहिली. गेल्या वर्षी सांगलीत नव्यानं लागलेल्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. गोष्ट सांगितली, हशा झाला, जेवणाची सुट्टी झाली. मी हात धूत होते तेव्हा एक सडपातळ तरुण शिक्षिका शेजारी येऊन थांबली.

“बाई, ओळखलंत का? मी प्रणाली.”

मला आधी आनंदच झाला. “अगं! शिक्षिका झालीस?”

“हो. जतकडं आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी कानडी बोलतात. जोडीवाचन घेते मी त्यांचं.” मग म्हणाली, “गोष्ट तुम्ही छान सांगता, बाई. माझ्या शेजारच्या मॅडम डोळे पुसत होत्या हसून हसून. फक्त हापशाजवळचं सांगत नाही तुम्ही.”

नळ चालूच होता. तिनंच तो बंद केला.

मी कसंबसं विचारलं, “मग त्या दिवशी हो का म्हणालीस गं?”

“तुमचा चेहरा बघून. तुम्ही इतक्या घाबरला होतात. मला वाटलं, बाई आता सगळ्यांसमोर रडतील.”

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. बारा वर्षांच्या मुलीनं मला सांभाळून घेतलं होतं आणि मी दहा वर्षं तिच्यावर लोकांना हसवत होते. दुपारचं सत्र मी घेतलं नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. तेही खोटंच.

निघण्याआधी मी प्रणालीकडून सारिकाचा नंबर घेतला.

फोनवर बोलायचा धीर झाला नाही. प्रणालीकडूनच पत्ता विचारून घेतला आणि सांगलीहून शिरवळला गेले. सारिका तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. नवरा तिथंच दुसऱ्या कंपनीत. तिची दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी दहाला पोचले. दार तिनंच उघडलं. अंगानं भरली होती, पण डोळे तेच.

“आवं बाई! या की, या. बसा.”

तिनं पोहे केले. मी नको नको म्हणत असताना केले. मुलगी बालवाडीत गेली होती. बोलता बोलता कळलं की दहावीला ती मराठीतच नापास झाली आणि मग शाळा सुटली. कामात हात चलाख, म्हणून कंपनीत तिला लाइनप्रमुख करत होते. पण रोज सकाळचा कामाचा कागद वाचून बायकांना काम वाटून द्यावं लागतं, म्हणून तिनं ‘नको’ सांगितलं. घरी लहान मूल आहे असं कारण दिलं.

मी ताटली बाजूला ठेवली आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. हापशाजवळचं, वर्गातलं, प्रशिक्षणात सांगत आलेल्या गोष्टीचंही. नक्कल करायचे हेही सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

“मला ठावं हुतं,” ती म्हणाली. “प्रणालीनं तवाच सांगितलं हुतं मला. त्याचं काय न्हाई बाई. वर्गात हसली पोरं, चार दिसांत इसरली. पन तुमी माज्याकडं बघायचंच सोडलं. मला वाटायचं, आता बाई वाचाय सांगतील, मग सांगतील. मी रोज पुस्तक काढून बसायची.”

बाहेर कुठंतरी ट्रक मागं घेत होते, त्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, “मी आता शिकवते तुला. महिनाभर इथं राहते हवं तर. रोज येते.”

“नको बाई.” ती लगेच म्हणाली. कठोरपणे नाही, चहा नको म्हणावं तशी. “प्रणाली शिकवती हाय. फोनवर. ती वाचती, मग मी वाचती. आन् नंतर ती मला न वाचलेलं पान धाडती. त्याला लय येळ लागतो, पन येतंय आता.”



मी उठायला लागले तेव्हा ती म्हणाली, “एक काम कराल का?”

“सांग की.”

“आबास्नी सांगा. त्यास्नी अजून वाटतं, मी फसवलं. कवा काय झालं की म्हनत्यात, तुझ्यापायी मला शाळेत मान खाली घालावी लागली. मी न्हाई कधी खरं काय ते सांगितलं. बाईंचं नाव घेतलं तर त्यास्नी खरं वाटलं नसतं.”

शिरवळहून गाव लांब नाही. मी त्याच दिवशी गेले. सारिकाचे वडील आता निवृत्त होऊन घरीच असतात. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठून उभे राहिले, तसेच ताठ. केस सगळे पांढरे झालेले. “मॅडम, तुमी? हिकडं कुठं?”

आत हाक मारून त्यांनी चहा ठेवायला सांगितलं. मी बसले नाही. उभ्यानंच बोलले. वाटेत बसमध्ये बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. एवढंच सांगितलं की पोरीनं फसवलं नव्हतं, फसवलं मी. पाठ करून घ्यायला मीच सांगितलं होतं आणि अंगाशी आल्यावर पोरींवर ढकललं. ते सारखे माझ्या तोंडाकडं बघत होते.

सांगून झाल्यावर ते म्हणाले, “मी तिला तुमच्या पाया पडाय लावलं.”

“हो.”

“तवा बोलला न्हाईत.”

“नाही बोलले.”

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला, नंबर लावला. पलीकडून उचलल्यावर म्हणाले, “सारे.” हात हलवून त्यांनी मला ‘बसा’ अशी खूण केली आणि ते ओसरीच्या पायऱ्या उतरून, फोन कानाला लावून, उसाच्या बांधाकडं चालत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सारिकाच्या आईनं चहा आणून माझ्यापुढं ठेवला. घ्यावा की नाही ते मला कळेना. बांधावर तो माणूस पाठमोरा उभा होता आणि मोकळ्या हातानं डोळे पुसत होता.